रक्तातला जंतुसंसर्ग : नवं औषध खरंच चालतं हे कसं ठरवायचं?

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? ठीक. विषय थोडा जड आहे, पण मी आकडे बेताने देईन. मध्ये शंका आली तर हात वर करा, शेवटपर्यंत थांबू नका.

सुरुवात एका चिठ्ठीपासून करते. काही वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात काम करत असताना आमच्याकडे एक आजोबा दाखल झाले. वय अडुसष्ट, एसटीतून निवृत्त. दोन दिवस हुडहुडी भरून ताप, लघवीला जळजळ, आणि तिसऱ्या दिवशी असंबद्ध बोलायला लागले म्हणून मुलाने गाडीत घालून आणलं. रक्तदाब खाली गेलेला. ब्लड कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला, म्हणजे लघवीतला संसर्ग रक्तात उतरला होता. त्या वेळी आमचा एक छोटासा अभ्यास चालू होता. दोन्ही औषधं जुनीच, दोन्ही रोज वापरातली, पण त्यातलं चांगलं कोणतं हे माहीत नव्हतं. मी मुलाला संमतीपत्र समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, म्हणजे माझ्या वडलांना कुठलं औषध द्यायचं ते तुम्ही चिठ्ठी टाकून ठरवणार?"

मी म्हटलं, "हो दादा. चिठ्ठी कॉम्प्युटर टाकतो, पण अर्थ तोच."

तो म्हणाला, "मग तुम्ही शिकलात कशाला?"

आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे, असं समजा. त्या दिवशी मला ते नीट देता आलं नव्हतं.

आधी आजार काय आहे ते पाहू. आपण सरसकट 'रक्तात इन्फेक्शन झालं' म्हणतो. फुप्फुस, लघवी, पोट, त्वचा, किंवा शिरेत घातलेली सलाईनची नळी, अशा कुठल्यातरी ठिकाणाहून जिवंत जिवाणू रक्तात शिरतात आणि शरीर त्यांना लगेच हुसकावू शकत नाही. ओळखायचं कसं, तर ब्लड कल्चर. दंडातून एका बाटलीला आठ-दहा मिलिलिटर रक्त घेतात, पोषक द्रव असलेल्या बाटलीत घालतात, आणि ती बाटली एका मशीनमध्ये उबदार ठेवतात. इतकं रक्त का, असं नातेवाईक नेहमी विचारतात. कारण मोठ्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात अनेकदा एखाददुसराच जिवाणू असतो. थेंबभर रक्तात तो सापडणारच नाही. जिवाणू वाढला की बाटलीत कार्बन डायऑक्साइड तयार होतो, मशीनला ते कळतं आणि ते ओरडतं. याला साधारण अर्धा ते एक दिवस जातो. जंतूचं नाव आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं हे कळायला आणखी एक-दोन दिवस.

हे तपशील उगाच सांगत नाही. पुढची सगळी अडचण यातच आहे. जंतूचं नाव कळेपर्यंत रुग्ण थांबू शकत नाही, म्हणून अंदाजाने औषध चालू करावंच लागतं. त्यामुळे नव्या औषधाची परीक्षा सुरू होते तेव्हा रुग्णाच्या अंगात आधीच दुसरं कुठलं तरी अँटिबायोटिक गेलेलं असतं. शर्यत अर्धी धावून झाल्यावर नवा घोडा मैदानात आणायचा आणि मग तो किती वेगाने पळाला ते मोजायचं, असा हा प्रकार.

आता थोडं मागे जाऊ. १९४१ साली स्किनर आणि कीफर या दोन डॉक्टरांनी बोस्टन सिटी हॉस्पिटलमधल्या १२२ रुग्णांची माहिती छापली. सगळ्यांच्या रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस. आपण त्याला 'स्टॅफ' म्हणू. त्यातले ८२ टक्के दगावले. लक्षात घ्या, पाचातले चार. मग पेनिसिलिन आलं. हा जंतू मारतं हे सिद्ध करायला चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या नाहीत. जे हमखास मरत होते ते उठून बसायला लागले. एवढा मोठा फरक डोळ्यांनाच दिसतो.

आज तसं नाही. आज स्टॅफ रक्तात गेलेल्या साधारण चार ते पाच रुग्णांमागे एक दगावतो. नवं औषध आणखी चांगलं असलं तर किती असेल? शंभरात दोन-चार जीव जास्त वाचवेल. आता माझ्यासारखी डॉक्टर वर्षाला असे वीस-पंचवीस रुग्ण पाहते. शंभरात दोनाचा फरक तिला अनुभवाने कळणं शक्यच नाही. एखादं औषध दिल्यावर ओळीने तीन रुग्ण वाचले की तिला वाटणार 'हे चांगलं', आणि चौथा गेला की विश्वास उडणार. 'माझा तीस वर्षांचा अनुभव आहे' असं सांगणाऱ्या डॉक्टरांबद्दल आदर आहेच. पण या एका बाबतीत तीस वर्षंही कमी पडतात.

बरं, मग हॉस्पिटलच्या जुन्या फायली काढून बघू. ज्यांना 'अ' औषध दिलं त्यांच्यातले किती गेले, 'ब' दिलं त्यांच्यातले किती. सोपं वाटतं ना? इथेच माणूस फसतो. डॉक्टर औषध डोळे मिटून देत नाही. जो जास्त आजारी दिसतो त्याला 'भारी' औषध देतो. मग 'भारी' औषधाच्या खात्यात जास्त मृत्यू जमा होतात, आणि ते औषध वाईट किंवा फार तर बरोबरीचं दिसतं. ही चूक हिशोबात दुरुस्त करायच्या युक्त्या आहेत. पण 'हा पेशंट मला बरा वाटत नाही' ही डॉक्टरच्या मनातली नोंद फायलीत कुठेच नसते. ती दुरुस्त कशी करणार?

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे मेरिनो नावाची ट्रायल. इथे जरा थांबूया, कारण हा जंतू आपल्याकडे सर्रास आहे.

ई. कोलाय आणि क्लेबसिएला हे आतड्यात राहणारे जिवाणू. त्यातल्या अनेकांनी सेफ्ट्रियाक्झोन फोडणारं रसायन तयार करायला शिकून घेतलंय. सेफ्ट्रियाक्झोन म्हणजे आपल्याकडे गल्लीतल्या नर्सिंग होममध्येही रोज टोचलं जाणारं इंजेक्शन. असा जंतू रक्तात निघाला की पर्याय दोन. एक मेरोपेनेम, जे जपून वापरायचं असतं, कारण ते निकामी झालं तर पुढे फारसं काही उरत नाही. दुसरं पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, ज्याला वॉर्डात सगळे 'पिप-टॅझ' म्हणतात. लॅबचा रिपोर्ट म्हणतो की पिप-टॅझ लागू आहे. जुन्या फायलींचे अभ्यास, त्यात स्पेनमधला २०१२ सालचा एक बराच गाजलेला, म्हणत होते की दोन्हींत फरक नाही. आणि मेरोपेनेम वाचवायचं तर पिप-टॅझ वापरावं, हा विचारही समंजस. आम्ही सगळे तो विचार करत होतो. मीसुद्धा.

मग २०१४ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरमधल्या संशोधकांनी पुढाकार घेऊन चिठ्ठी टाकली. नऊ देश, २६ हॉस्पिटलं. पिप-टॅझ मेरोपेनेमपेक्षा वाईट नाही, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. जास्त चांगलं आहे असं नव्हे, 'वाईट नाही' एवढंच. तीस दिवसांत किती दगावले हे मोजायचं होतं. ट्रायल चालू असताना आकड्यांवर नजर ठेवायला बाहेरच्या तज्ज्ञांची एक समिती असते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना जे दिसत नाही ते या समितीला दिसतं. २०१७ मध्ये समिती म्हणाली, थांबवा.

मेरोपेनेम मिळालेल्या १९१ रुग्णांपैकी ७ दगावले होते, ३.७ टक्के. पिप-टॅझ मिळालेल्या १८७ पैकी २३, म्हणजे १२.३ टक्के.

(सभागृहातून : म्हणजे तिप्पट?)

हो, तिप्पटीहून जास्त. आता विचार करा, हे २६ हॉस्पिटलांतले निष्णात डॉक्टर होते. त्यांच्यापैकी एकालाही आपल्या वॉर्डात पिप-टॅझ घेणारे जास्त मरताहेत हे जाणवलं नव्हतं. जाणवणं शक्यच नव्हतं, कारण एकेका हॉस्पिटलात सरासरी एखादाच असा मृत्यू होता.

प्रामाणिकपणे पुढचंही सांगते. नंतर त्याच संशोधकांनी जंतू पुन्हा तपासले तेव्हा कळलं की पिप-टॅझ लागू आहे असं सांगणारी लॅबमधली एक पट्टी काही जंतूंच्या बाबतीत चुकत होती. जंतू प्रत्यक्षात औषधाला दाद देत नव्हते आणि पट्टी 'चालेल' म्हणत होती. असे जंतू वगळून हिशोब केला तर फरक थोडा कमी होतो. म्हणून काही जण म्हणतात की दोष औषधाचा कमी आणि पट्टीचा जास्त. माझं मत विचाराल तर, वॉर्डात माझ्या हातात ती पट्टीच असते. त्या पट्टीवर विसंबून औषध दिलं तर काय होतं हे मला मेरिनोने सांगितलं. तेवढं मला पुरेसं आहे. मी त्यानंतर सवय बदलली.

आता दुसरी गोष्ट, जी मला मेरिनोपेक्षाही अस्वस्थ करते. रक्तातला संसर्ग म्हटल्यावर कुणालाही वाटेल की रक्त लवकर स्वच्छ झालं म्हणजे रुग्ण लवकर बरा. यात काय सिद्ध करायचं? तर ऐका.

स्टॅफचा एक हट्टी प्रकार आहे, एमआरएसए. त्यावर व्हँकोमायसिन हे जुनं औषध आहे, पण ते संथ आहे. प्रयोगशाळेत दिसत होतं की व्हँकोमायसिनच्या जोडीला पेनिसिलिनच्या कुळातलं एक औषध दिलं, जे एकटं या जंतूवर चालत नाही, तर दोघं मिळून जंतूला फार लवकर मारतात. प्राण्यांवर दिसलं. छोट्या अभ्यासात माणसांवरही दिसलं. मग कॅमेरा-२ नावाची ट्रायल झाली, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर आणि इस्राएलमध्ये. ३५२ रुग्ण झाल्यावर तीही थांबवावी लागली.

रक्त खरोखरच लवकर स्वच्छ झालं होतं! पाचव्या दिवशी रक्तात जंतू सापडण्याचं प्रमाण एकट्या औषधाच्या गटात २० टक्के, जोडीच्या गटात ११ टक्के. म्हणजे प्रयोगशाळेचं म्हणणं खरं होतं. पण किडनीला इजा? एकट्या औषधात ६ टक्के, जोडीत २३ टक्के. आणि नव्वद दिवसांतले मृत्यू जोडीच्या गटात कमी नव्हते. आकड्यात तर ते जास्तच होते, २१ टक्के विरुद्ध १६. हा मृत्यूंचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण किडनीचा नव्हे.

या ट्रायलच्या आधी जगभरातल्या कित्येक आयसीयूंमध्ये ही जोडी 'गंभीर पेशंट आहे, दोन्ही देऊ' म्हणून दिली जात होती. हेतू चांगलाच होता. नंतर त्या रुग्णाचं क्रिएटिनिन वाढलं, डायलिसिस लागलं, तर आपण काय म्हणायचो? 'सेप्सिसमुळे किडनी गेली.' आजारावर ढकललं की औषध सुटतं.

म्हणून रक्तातल्या संसर्गाचं औषध तपासताना काय मोजायचं हा मोठा प्रश्न आहे. ताप उतरला, पांढऱ्या पेशी उतरल्या, कल्चर स्वच्छ आलं हे सगळं लवकर मोजता येतं, स्वस्तात मोजता येतं, आणि त्यावर विसंबलं तर घात होऊ शकतो. माणूस नव्वद दिवसांनी जिवंत आहे का, हे मोजायला वेळ आणि माणसं लागतात. पण रुग्णाला आणि घरच्यांना जाणून घ्यायचं असतं ते एवढंच.

अगदी नव्या कल्पनेचंही एक उदाहरण देते. तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल की जिवाणूंना खाणारे विषाणू असतात, त्यांना फेज म्हणतात. हे विषाणू जिवाणूच्या भिंतीला भोक पाडायला एक विकर वापरतात. ते विकरच औषध म्हणून द्यायचं, अशी कल्पना. एक्सेबकेस असं नाव. स्टॅफवर दिलं. सुरुवातीच्या, ११६ रुग्णांच्या ट्रायलमध्ये एकूण फरक बेताचा होता, ७० टक्के विरुद्ध ६०. पण त्यातले फक्त एमआरएसएवाले रुग्ण वेगळे काढले तर ७४ टक्के विरुद्ध ३१! डोळे दिपतील असा आकडा. फक्त ते रुग्ण होते किती? एका बाजूला २७, दुसऱ्या बाजूला १६. त्या भरवशावर मोठी ट्रायल सुरू झाली आणि २०२२ च्या जुलैमध्ये, पुढे चालवून काही निघणार नाही असं ठरवून बंद केली. मोठ्या ढिगातून आपल्याला हवी तेवढी मूठभर माणसं उचलली की काहीही सिद्ध करता येतं. बातमी मात्र मुठीचीच होते.

(प्रश्न : मॅडम, मग एवढी नवी अँटिबायोटिक्स बाजारात येतात, ती न तपासता येतात का?)

छान प्रश्न. तपासूनच येतात, पण बऱ्याचदा रक्तातल्या संसर्गावर नव्हे, लघवीच्या गुंतागुंतीच्या संसर्गावर. कारण सरळ आहे. लघवीच्या संसर्गाचे रुग्ण भरपूर मिळतात, ते शुद्धीवर असतात, स्वतः सही करू शकतात, आणि बहुतेक सगळे वाचतात. आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. वोक्हार्ट कंपनीच्या छत्रपती संभाजीनगरच्या संशोधन केंद्रातून आलेलं सेफेपिम-झिडेबॅक्टम हे औषध. काम खरोखर मोलाचं आहे. त्याची मोठी ट्रायल सुमारे ५३० रुग्णांवर झाली, तीही लघवीच्या संसर्गातच. त्या रुग्णांतल्या काहींच्या रक्तातही जंतू असतो, तेवढीच रक्ताबद्दल माहिती मिळते. मग ते औषध आमच्या हातात येतं, आणि आम्ही ते कुणाला देतो? आयसीयूमधल्या, रक्तात जंतू असलेल्या, रक्तदाब टिकत नसलेल्या रुग्णाला. ज्यांच्यावर तपासलं ते वेगळे आणि ज्यांना देतो ते वेगळे.

कंपन्यांना याचा दोष देणं सोपं आहे. पण एका कंपनीने थेट या रुग्णांवर तपासायचा प्रयत्न केला होता, त्याचं काय झालं तेही ऐका. अमेरिकेतली अकाओजेन नावाची छोटी कंपनी, औषध प्लाझोमायसिन. कार्बापेनेम म्हणजे मेरोपेनेमच्या कुळाला न जुमानणाऱ्या जंतूंसाठी. त्यांनी ठरवलं, ज्यांच्या रक्तात असा जंतू आहे किंवा ज्यांना त्याचा न्यूमोनिया आहे, त्यांच्यावरच तपासू. तुलना कोलिस्टिनशी, जे आपल्याकडे नाइलाजाने वापरलं जातं आणि किडनीवर जड जातं. दोन हजारांहून अधिक रुग्ण चाळले. निकषात किती बसले? ३९.

का, ते आता तुम्हीच सांगाल. कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत कुणी दगावलेला, कुणाला आधीच तीन दिवस दुसरं औषध गेलेलं, कुणाची किडनी बंद, कुणाच्या जवळ सही करायला माणूस नाही. अखेर ट्रायल गुंडाळावी लागली. मिळालेले आकडे आशादायक होते. प्लाझोमायसिन घेणाऱ्या १७ पैकी ४ जण दगावले किंवा त्यांना गंभीर गुंतागुंत झाली. कोलिस्टिन घेणाऱ्या २० पैकी १०. पण एवढ्या मूठभरांवरून काय ठरवणार? आत्ताच एक्सेबकेसचं पाहिलं आपण. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये लघवीच्या संसर्गासाठी मंजुरी दिली आणि रक्तातल्या संसर्गासाठी नाकारली. प्रशासनाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्या औषधाचे हक्क नंतर आपल्या मुंबईच्या सिप्लाने घेतले, बहुतेक जगासाठी, चीन वगळून. ज्या औषधाने सगळ्यात अवघड पेपर द्यायचं धाडस केलं, तेच बुडालं. दुसऱ्या कंपन्यांनी यातून काय धडा घेतला असेल ते उघड आहे.

मग यातून वाट कशी काढायची? परीक्षा सोपी करायची नाही, परीक्षेला बसणं सोपं करायचं. म्हणजे काय, ते दोन उदाहरणांनी सांगते.

पहिलं बॅलन्स. यात नवं औषधच नाही. प्रश्न एवढाच की रक्तातल्या संसर्गाला अँटिबायोटिक सात दिवस द्यायचं की चौदा? आम्ही चौदा द्यायचो. कशावरून? कशावरूनच नाही. आठवडा सात दिवसांचा, म्हणून एक किंवा दोन आठवडे. अमेरिकेतले ब्रॅड स्पेलबर्ग गमतीने याला कॉन्स्टंटाइन राजाचं एकक म्हणतात, कारण सात दिवसांचा आठवडा रोमन साम्राज्यात त्याने इसवी सन ३२१ मध्ये रूढ केला. आपल्याकडे कोर्स 'पूर्ण करा' म्हणतात, पण पूर्ण म्हणजे किती हे कुणी ठरवलं हे विचारत नाहीत.

कॅनडातून सुरू झालेल्या या ट्रायलमध्ये सात देशांतली ७४ हॉस्पिटलं आणि ३,६०८ रुग्ण होते. निम्म्याहून जास्त रुग्ण आयसीयूमधले, म्हणजे सोपे रुग्ण निवडले असं म्हणायची सोय नाही. औषध कुठलं द्यायचं ते डॉक्टरने ठरवायचं. चिठ्ठी फक्त दिवसांची. जास्तीच्या तपासण्या नाहीत, जास्तीचं रक्त काढायचं नाही, नव्वद दिवसांनी माणूस आहे की नाही एवढंच मोजायचं. इतकं सोपं ठेवलं म्हणून साडेतीन हजार रुग्ण मिळाले. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल आला. सात दिवसांच्या गटात मृत्यू १४.५ टक्के, चौदाच्या गटात १६.१. सात दिवस कमी पडत नाहीत.

गंमत म्हणजे, सात दिवसांची चिठ्ठी निघाली त्यातल्या जवळपास चारांतल्या एका रुग्णाला डॉक्टरांनी तरीही जास्त दिवस औषध दिलंच. हात राहवत नाही! तो हिशोब वेगळा करून पाहिला तरी उत्तर बदललं नाही.

पण इथे एक मोठा इशारा. स्टॅफ या ट्रायलमध्ये नव्हता. हृदयात कृत्रिम झडप असणारे नव्हते, प्रतिकारशक्ती फारच खालावलेले नव्हते. स्टॅफ हृदयाच्या झडपेवर, मणक्यात, सांध्यात जाऊन लपतो. त्याला सात दिवसांत सोडायचं नाही. घरी जाऊन डॉक्टरांना 'व्याख्यानात सात दिवस सांगितले' असं म्हणू नका, माझी पंचाईत होईल.

दुसरं उदाहरण स्नॅप, हे खास स्टॅफसाठी. ऑस्ट्रेलियातून २०२२ मध्ये सुरू झालं, मग अनेक देश जोडले गेले. एरवी प्रत्येक औषधासाठी नवी ट्रायल, नवी परवानगी, नवी माणसं, आणि संपली की सगळं मोडीत. म्हणजे दर लग्नाला नवा मांडव बांधायचा. इथे मांडव कायमचा आहे. एकच रुग्ण एकाच वेळी दोन-तीन प्रश्नांच्या चिठ्ठ्यांत भाग घेऊ शकतो. मूळ औषध कुठलं, जोडीला दुसरं द्यायचं का, आणि थोडं बरं वाटल्यावर इंजेक्शनवरून गोळ्यांवर जायचं का. एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की तो बंद, त्याच मांडवात दुसरा सुरू. २०२५ मध्ये त्यातली पहिली उत्तरं आली. साध्या, एमआरएसए नसलेल्या स्टॅफसाठी सिफाझोलिन हे जुनं, स्वस्त इंजेक्शन फ्लुक्लोक्झासिलिनच्या तोडीचं आहे आणि किडनीला कमी त्रास देतं. हा प्रश्न डॉक्टर लोक कित्येक वर्षं चहाच्या टेबलावर चघळत होते. कुठलीही कंपनी त्यावर पैसा घालणार नव्हती, कारण दोन्ही औषधं जुनी, नफा कुणालाच नाही. बॅलन्सचंही तेच. औषध कमी दिवस द्या, हे सिद्ध करायला कुठली कंपनी पैसे देईल? हा खर्च सरकारी निधीतूनच व्हावा लागतो.

आपल्याकडे काय? मेरिनोच्या नऊ देशांत भारत नव्हता. बॅलन्सच्या सातांतही नव्हता. सेफ्ट्रियाक्झोनला दाद न देणारे जंतू आपल्या वॉर्डावॉर्डात आहेत, पण त्यांच्यावरचं उत्तर आपण ऑस्ट्रेलिया-कॅनडाच्या रुग्णांकडून उसनं घेतो. आपले जंतू वेगळे, आपले रुग्ण हॉस्पिटलात उशिरा येतात, येण्याआधी दोन ठिकाणी अँटिबायोटिक घेऊन येतात. उसनं उत्तर इथे कितपत लागू पडतं हा प्रश्न उरतोच. नियम आपल्याकडे आहेत. २०१९ चे नवीन औषध आणि क्लिनिकल ट्रायल नियम, एथिक्स कमिटी, ट्रायलची जाहीर नोंदणी, इजा झाली तर भरपाई. हे नियम कडक झाले त्याला कारणंही होती. गरीब रुग्णांना पुरेसं न सांगता ट्रायलमध्ये घेतल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. तेव्हा लोकांच्या मनात संशय असेल तर तो काही अडाणीपणा नव्हे.

(प्रश्न : लहान बाळांचं काय? महाराष्ट्रात काही काम झालंय का?)

झालंय, आणि मोठं झालंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात हे केलं. नवजात बाळाला सेप्सिस झाला तर हॉस्पिटल गाठणं शक्य नाही, अशा गावांत आरोग्यदूत बाईने लक्षणं ओळखायची आणि घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने औषध द्यायचं. बाकीची नवजात काळजीही त्यातच. ३९ गावांत हे केलं, ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलं आणि पुढे देशाचं धोरण त्यावरून घडलं. तिथे ब्लड कल्चर नव्हतं, आणि कुठल्या गावात उपचार करायचे हे चिठ्ठीने ठरलेलं नव्हतं. पण फरक केवढा होता पाहा. मघाशी पेनिसिलिनबद्दल म्हटलं तसंच, एवढा मोठा फरक असला की तो दिसतो. आज हॉस्पिटलांतल्या नवजात कक्षांमध्ये जेंटामायसिनला न जुमानणारे जंतू बळावलेत, आणि तिथे आता चिठ्ठीशिवाय गत्यंतर नाही.

(प्रश्न : त्या आजोबांचं काय झालं?)

हां, ते राहिलंच. मुलाने विचारलं, 'चिठ्ठी नको म्हटलं तर वडलांना कुठलं औषध द्याल?' आता खरं उत्तर असं होतं की, त्या रात्री ड्युटीवर जो डॉक्टर असेल त्याच्या सवयीचं. सोमवारी आलात तर एक, मंगळवारी आलात तर दुसरं. तीही एक चिठ्ठीच, फक्त तिची नोंद कुठे होत नाही आणि तिच्यातून पुढच्या पेशंटला काही कळत नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही. मी म्हटलं, 'योग्य ते देऊ.' त्याने सही केली नाही. तो त्याचा हक्क होता, आणि उपचारांत आम्ही काही कमी केलं नाही. त्या रात्रीच्या डॉक्टरने त्याच्या सवयीचं औषध दिलं. आजोबा नवव्या दिवशी चालत घरी गेले. त्या औषधाने गेले, की दुसऱ्यानेही गेलेच असते, ते मला आजही सांगता येत नाही.